पन्नाशीची डॉक्टरेट आणि घरचा हिशेब

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र आम्ही बाजूला काढून ठेवले होते. पत्र एका भगिनीचे आहे. नाव-गाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही. 'सप्रेम जय भीम' लिहून त्या थेट मुद्द्यावर येतात. पती एका कारखान्यात मॅनेजर आहेत. सासरे गिरणीत साचेखात्यात होते. पती आय.टी.आय. करून अप्रेंटिस म्हणून लागले, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन डिप्लोमा केला, मग मुक्त विद्यापीठातून एम.बी.ए. केले, आणि आज दोनशे माणसे त्यांच्या हाताखाली आहेत. वय सत्तेचाळीस. आता त्यांना डॉक्टरेट करायची आहे.

पुढचे त्यांच्याच शब्दांत देतो. "मुलगी बारावीला आहे. सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन राहिले आहे. फ्लॅटचे हप्ते आणखी नऊ वर्षे आहेत. त्यात एका कंपनीचा रोज फोन येतो, सहा लाखांत, अठरा महिन्यांत, घरबसल्या परदेशी डॉक्टरेट. हे म्हणतात, आपल्या घराण्यात कोणी डॉक्टर झाले नाही, मी होतो. मी नको म्हटले तर मी शिक्षणाच्या आड येते असे होते. मी स्वतः बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शाळा सोडली, मला यातले काय कळते? तुम्हीच सांगा, मी काय बोलू?"

ताई, आपल्याला बरेच कळते. सहा लाख, अठरा महिने आणि नऊ वर्षांचे हप्ते हे तीन आकडे आपण एकाच ओळीत लिहिलेत, यावरूनच ते दिसते. आणि हे पत्र एका घराचे नाही. गिरणीत, रेल्वेत, पालिकेच्या सफाई खात्यात ज्यांचे बाप झिजले, ती मुले आता चाळिशी-पन्नाशीची झाली आहेत. कोणी बँकेत मॅनेजर आहे, कोणी एम.आय.डी.सी.तल्या कारखान्यात प्लँट सांभाळतो आहे, कोणी विमा कंपनीत विभागप्रमुख आहे. शिकण्याची भूक अजून भागलेली नाही. ही भूक चांगली आहे. पण भुकेल्या माणसापुढे कोण कसले ताट वाढतो आहे, ते घरच्यांनी पाहिले पाहिजे.

आधी ही डॉक्टरेट म्हणजे काय ते पाहू. नेहमीची पीएच.डी. बहुतेक वेळा तरुण मुलगा किंवा मुलगी एम.ए., एम.कॉम. झाल्यावर करते. ती पुस्तकांतून प्रश्नाकडे जाते. नोकरीत वीस-पंचवीस वर्षे मुरलेल्या माणसाची डॉक्टरेट उलट्या वाटेने जाते. कामात अडलेला एखादा प्रश्न त्याच्याजवळ आधीच असतो. तो घेऊन तो पुस्तकांकडे येतो. परदेशात हिला 'डॉक्टर ऑफ बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन', थोडक्यात डी.बी.ए. म्हणतात. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने १९९५ साली नोकरी न सोडता मॅनेजर मंडळींनी करावयाची डॉक्टरेट सुरू केली. मात्र नुसत्या नावावर जाऊ नये. हार्वर्डमध्येही डी.बी.ए. होती, पण ती प्राध्यापक आणि संशोधक घडविणारी होती, आणि २०१८ पासून तिची जागा पीएच.डी.ने घेतली. म्हणजे एकाच नावाखाली दोन ठिकाणी दोन गोष्टी निघतात.

आपल्या देशात अशा मंडळींना दोन-तीन वाटा आहेत. पहिली, आपल्या विद्यापीठाची अर्धवेळ पीएच.डी. दुसरी, आय.आय.एम.सारख्या संस्थांची. आय.आय.एम.ना पूर्वी पदवी देण्याचा अधिकार नव्हता, त्या 'फेलो' ही उपाधी देत. २०१७ च्या कायद्याने त्यांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. कोझिकोडच्या आय.आय.एम.मध्ये तर नोकरी करणाऱ्यांसाठी पीएच.डी.ची वेगळी 'प्रॅक्टिस ट्रॅक' शाखाच आहे. जमशेदपूरची एक्स.एल.आर.आय. आणि हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस यांचे 'एक्झिक्युटिव्ह फेलो' अभ्यासक्रम आहेत. त्यांचा दर्जा मोठा, पण 'फेलो' ही विद्यापीठाची पदवी नव्हे, हे प्रवेश घेण्यापूर्वी समजून घ्यावे. आणि तिसरी वाट ताईंच्या पतींना रोज फोन करते आहे.

त्या फोनबद्दल आधी बोलू, कारण पैसे तिथेच जाण्याची भीती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यू.जी.सी.चे, पीएच.डी.बाबतचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. त्यांत पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षे लागतील असे स्पष्ट आहे. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पीएच.डी. देता येणार नाही, हेही स्पष्ट आहे. त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस, यू.जी.सी. आणि ए.आय.सी.टी.ई. या दोन्ही संस्थांनी मिळून जाहीर सूचना काढली की, शिक्षणाचा धंदा करणाऱ्या ऑनलाइन कंपन्या परदेशी विद्यापीठांच्या जोडीने ज्या ऑनलाइन पीएच.डी. देऊ करतात त्यांना मान्यता नाही. मग अठरा महिन्यांत घरबसल्या काय मिळते? कुठल्यातरी परदेशी संस्थेचे डी.बी.ए.चे प्रमाणपत्र मिळते. ते त्या देशात खरेही असू शकते. पण इथे सरकारी नोकरीत, विद्यापीठात, महाविद्यालयात ते चालेलच असे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. फोनवरचा मुलगा सांगेल. त्याला म्हणावे, "दादा, हेच तुमच्या कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून दे." बहुधा फोन तिथेच बंद होईल.

याहून स्वस्त एक प्रकार आहे, त्याचे हसू येते आणि चीडही येते. हॉटेलचा हॉल, स्टेजवर बॅनर, कोणत्या तरी आंतरराष्ट्रीय नावाच्या विद्यापीठाची 'मानद डॉक्टरेट', गळ्यात पट्टा, डोक्यावर चौकोनी टोपी, आणि खाली आधीच भरलेल्या पैशांची पावती. दुसऱ्या दिवसापासून लग्नपत्रिकेवर, जयंतीच्या फलकावर 'डॉ.' लागते. १९५६ च्या यू.जी.सी. कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार फक्त कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. हॉटेलच्या हॉलला तो नाही. आपल्या समाजात 'डॉ.' या दोन अक्षरांना किती मान आहे, हे या दुकानदारांना नेमके ठाऊक आहे. बाबासाहेबांमुळे मिळालेल्या मानाचा हा धंदा आहे, म्हणून आम्हाला तो जास्त झोंबतो.

आता खऱ्या वाटेकडे येऊ. ताईंच्या पतींनी एम.बी.ए. मुक्त विद्यापीठातून केले. त्यावर कोणीतरी त्यांना सांगितले आहे म्हणे, की बाहेरून केलेल्या पदवीवर पीएच.डी. होत नाही. हे चूक आहे. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, यू.जी.सी.ने सप्टेंबर २०२२ मध्ये हे पुन्हा एकदा जाहीर केले. पदव्युत्तर पदवी बाहेरून चालते, पीएच.डी. बाहेरून चालत नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले. दुसरे, गुणांचे. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींसह काही वर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. पत्रात त्यांचे गुण बावन्न टक्के लिहिले आहेत. म्हणजे सवलतीत ते बसतात. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, पण त्यासाठी जातीचा दाखला नीट नमुन्यातला हवा. तो कपाटात आहे का, की अजून तहसील कचेरीत, ते आजच पाहावे. जाहिरात निघाल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.

प्रवेशासाठी 'नेट'चा आधार किंवा विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा असते. २०२२ च्या नियमांनुसार विद्यापीठाच्या परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात, आणि निवडीत लेखी परीक्षेला ७० टक्के तर मुलाखतीला ३० टक्के वजन असते. पंचवीस वर्षे कारखाना चालवला म्हणून संशोधनपद्धतीचा पेपर सुटत नाही. तो पहिल्यापासून वाचावा लागतो. नमुना कसा निवडायचा, प्रश्नावली कशी करायची, सरासरी कुठे फसवते, हे सगळे. आमच्या ओळखीचे एक बँक अधिकारी मुलीच्या बी.कॉम.च्या संख्याशास्त्राच्या पुस्तकावरून, मुलीकडूनच हे शिकले. त्यांना कमीपणा वाटला नाही, मुलीला मात्र फार मजा वाटली.

मग कंपनीचे ना हरकत पत्र. अर्धवेळ पीएच.डी.ला ते लागतेच. त्यात कंपनीने लिहून द्यायचे असते की या व्यक्तीला अर्धवेळ शिकण्याची परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास अभ्यासक्रमाच्या वर्गांसाठी तिला कामातून मोकळे केले जाईल. हे वर्ग किमान १२ क्रेडिटचे असतात, त्यात पास व्हावेच लागते. तोंडी 'करा करा, आमची काही हरकत नाही' म्हणणारे वरिष्ठ लेखी देताना मागे सरतात, असा अनुभव पुष्कळांना येतो. म्हणून हे पत्र आधी, फी नंतर. त्याच वेळी फी कंपनी देते का तेही विचारावे. काही कंपन्या देतात, पण त्यापुढे अमुक वर्षे नोकरी सोडायची नाही असा करार करून घेतात. तो वाचून सही करावी.

विद्यापीठांत मार्गदर्शक मिळणे हीच मोठी अडचण असते. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार एवढेच पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतात. मिळालेला मार्गदर्शक आपल्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असण्याचा संभव आहे. दोनशे माणसांकडून 'साहेब' ऐकणाऱ्या माणसाने तिथे 'सर' म्हणायचे, लाल शाईने खोडलेले पान परत आणायचे, दर सहा महिन्यांनी समितीपुढे उभे राहून काय केले ते सांगायचे. हे ज्यांना जमत नाही ते दुसऱ्या वर्षी येईनासे होतात. पैशापेक्षा हेच कारण आम्हाला जास्त वेळा दिसले.

आता जे आम्हाला खरोखर महत्त्वाचे वाटते ते. ताईंच्या पतींनी विषय ठरवला आहे: 'भारतीय उद्योगांतील मनुष्यबळ व्यवस्थापन : एक अभ्यास'. हा विषय नव्हे, हे ग्रंथालयाचे एक कपाट आहे. यावर कोणीही लिहू शकतो आणि कोणाचाच त्यावाचून अडलेले नाही. पण याच पत्रात ताईंनी सहज एक वाक्य लिहिले आहे. "यांच्या कारखान्यात कामगारांतून सुपरवायझर झालेली माणसे वर्षा-दोन वर्षांत पद परत करतात, पुन्हा मशीनवर जातो म्हणतात, त्याचा यांना फार त्रास होतो." ताई, हाच विषय आहे, आणि तो आपण सुचवला आहे.

विचार करा. माणूस पंधरा वर्षे मशीनवर उभा राहिला. सुपरवायझर केला. घरी पेढे वाटले. पण स्टाफमध्ये गेल्यावर ओव्हरटाइम बंद होतो, आणि पद वाढून हातात येणारा पगार कधी कधी कमीच पडतो. युनियन सुटते. कँटीनमध्ये टेबल बदलते. काल ज्याच्याबरोबर डबा खाल्ला त्याला आज उशिरा आल्याबद्दल विचारायचे. वरचे इंजिनिअर त्याला आपल्यातला मानत नाहीत, खालचे मित्र आता त्याच्यापुढे मोकळे बोलत नाहीत. तो पद परत करतो, तेव्हा कंपनीच्या फायलीत 'वैयक्तिक कारण' असे लिहिले जाते. त्या दोन शब्दांत काय काय दडले आहे, ते बाहेरच्या संशोधकाला सापडणार नाही. जो स्वतः अप्रेंटिसपासून त्या मजल्यावर चढत आला, त्याला कुठे विचारायचे ते ठाऊक आहे.

आणि पुढचा प्रश्न. तो सुपरवायझर आपल्या समाजातला असेल तर? त्याचा शब्द लाइनवर तसाच पाळला जातो काय? हा प्रश्न व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत शोधून पाहा. जातीवर नोकरीच्या बाजारात काय होते यावर काही काम झाले आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून पाहिले. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. तो अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. २०१२ मध्ये त्याच नियतकालिकात अजित, डाँकर आणि सक्सेना यांनी एक हजार मोठ्या भारतीय कंपन्यांच्या संचालक मंडळांची पाहणी दिली: सुमारे ९३ टक्के संचालक उच्चवर्णीय, अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साडेतीन टक्के. म्हणजे गेटवर काय होते ते थोडे कळले, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर काय दिसते तेही कळले. मधल्या मजल्यांवर, गेटमधून आत गेलेल्या आपल्या माणसाला फोरमन, सुपरवायझर, मॅनेजर होताना काय काय घडते, त्याची नोंद फार थोडी आहे. ती नोंद करण्याची पात्रता ज्यांच्याकडे आहे ते लोक आत्ता पंचेचाळीस-पन्नास वर्षांचे आहेत, आणि अजून दहा-बारा वर्षांत ते निवृत्त होतील.

या कारणासाठी ही डॉक्टरेट करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. घराण्यात कोणी डॉक्टर नाही या कारणासाठी करू नये.

मात्र यात एक मोठी खोच आहे. मॅनेजरला आपल्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे वाटत असते. पंचवीस वर्षे तो निर्णय देत आलेला असतो. संशोधनात आपले मत खोटे ठरू शकेल अशी जागा ठेवावी लागते. साहेबांना वाटते सुपरवायझर पगारासाठी पद सोडतात. चौकशीत निघाले की पगार नव्हे, खुद्द साहेबांची बोलण्याची रीतच कारण आहे, तर ते छापण्याची तयारी हवी. दुसरे असे की हाताखालच्या माणसाला साहेबांनी स्वतः विचारले तर तो खरे सांगेल काय? तो 'सगळे छान आहे साहेब' म्हणेल. म्हणून आपल्या खात्याबाहेरचे, शक्यतो दुसऱ्या कारखान्यातले लोक निवडावेत, नावे गुप्त ठेवावीत, नाही म्हणण्याची मोकळीक खरोखर द्यावी, आणि कंपनीची माहिती वापरायची तर तीही लेखी परवानगीने. बोलणाऱ्या गरीब माणसाची नोकरी आपल्या पदवीपायी धोक्यात येता कामा नये. हे कुठल्याही नियमाआधीचे आहे.

विषय सुचला की शोधगंगेवर जावे. देशातल्या विद्यापीठांचे हजारो प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. आपल्या विषयाजवळचे पाच-सहा प्रबंध चाळले की चांगले काम कसे दिसते आणि पाट्या टाकलेले काम कसे दिसते, दोन्ही कळते. दुसरे असे कळते की हे काम पानांचे नाही. प्रबंध लिहून देणारी दुकाने शहरात आहेत, आता संगणकाला सांगून पाने भरण्याचीही सोय झाली आहे. २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्याचे लिखाण १० टक्क्यांपर्यंत जुळले तर दंड नाही, पण ६० टक्क्यांच्या वर जुळले तर नोंदणीच रद्द होते. पण आमचा मुद्दा नियमाचा नाही. ज्या माणसाने पंचवीस वर्षे शिफ्ट भरली त्याने आपली हजेरी दुसऱ्याला का लावायला सांगावी?

आता पैशाचे आणि वेळेचे. सरकारी विद्यापीठाची फी परवडणारी असते, नामांकित व्यवस्थापन संस्थांची लाखांत जाते. शिष्यवृत्तीवर भिस्त ठेवू नये. पुण्याच्या 'बार्टी'ची किंवा केंद्राची अनुसूचित जातींसाठीची फेलोशिप पूर्णवेळ संशोधन करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, पगारदारासाठी नाही, आणि ते योग्यच आहे. पगारवाढीचीही आशा धरू नये. खासगी कारखान्यात डॉक्टरेट झाली म्हणून ग्रेड बदलत नाही. निवृत्तीनंतर कॉलेजात शिकवायचे एवढाच हेतू असेल, तर यू.जी.सी.ने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही योजना आणली आहे. आपल्या क्षेत्रात वरच्या पदांवर पंधरा वर्षे काढलेल्या जाणकाराला तिथे पदवीची सक्ती नाही. पद कायमचे नसते, पण त्यासाठी पाच वर्षे प्रबंधात घालवायला नको.

वेळ मात्र फीपेक्षा महाग आहे. नियमाने तीन वर्षे कमीत कमी, सहा वर्षे जास्तीत जास्त, वर दोन वर्षांची मुदतवाढ. स्त्रियांना त्याहून आणखी दोन वर्षे मिळू शकतात, हे आमच्या बँकेत-शाळेत अधिकारी असलेल्या भगिनींनी ध्यानात ठेवावे. नोकरी करणाऱ्याला चार-पाच वर्षे धरून चालावे. आठवड्याचे बारा-पंधरा तास. ते येणार कुठून? रविवारच्या विहारातून, भाच्याच्या लग्नातून, मुलीच्या अभ्यासाजवळ बसण्यातून, आणि सर्वांत जास्त ताईंच्या वाट्याच्या वेळेतून. सासूबाईंना दवाखान्यात कोण नेणार, हा प्रश्न प्रबंधाच्या आराखड्याइतकाच खरा आहे.

इथे आपल्याकडची एक सवय सांगावी लागते. घरातली बाई हिशेब विचारू लागली की तिला रमाईंचे नाव सांगून गप्प करायचे. बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, पगारातून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत घेऊन, मित्राकडून उसने घेऊन १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. कोलंबियाचा प्रबंध १९२५ मध्ये छापला गेला आणि पीएच.डी. हाती आली १९२७ मध्ये. इकडे रमाईंनी घर कसे ओढले ते आपल्या घराघरात ठाऊक आहे. पण तो काळ, ते दारिद्र्य आणि ते कार्य वेगळे होते. आज महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या साहेबांनी आपल्या घरच्या बाईकडून रमाईंचा त्याग मागायचा, आणि स्वतःचे एक रविवारचे क्रिकेटही सोडायचे नाही, हे आम्हाला पसंत नाही. रुपयाचा प्रश्न हा बाबासाहेबांच्या डी.एस्सी.चा विषय होता; घरातल्या रुपयाचा प्रश्न विचारणारी बाई शिक्षणाच्या आड येत नाही.

म्हणून ताई, आपण असे बोलावे. अठरा महिन्यांच्या फोनला साफ नाही. अर्धवेळ पीएच.डी.ला होय, पण मुलीची बारावी आणि तिचा पुढचा प्रवेश पार पडल्यावर. एक वर्ष थांबल्याने काही बिघडत नाही. पदवी हाती येईल तेव्हा त्यांची पन्नाशी नाहीतरी उलटलेली असेल. मुलीची फी आणि त्यांची फी एकमेकांसमोर आली तर मुलीची आधी. सासूबाईंचे ऑपरेशन त्याच्याही आधी. हे वर्ष त्यांनी वाया घालवू नये: दाखला काढावा, संशोधनपद्धती शिकावी, शोधगंगेवरचे प्रबंध वाचावेत, ना हरकत पत्राची गोष्ट ऑफिसात काढून पाहावी. आणि तो सुपरवायझरचा प्रश्न दहा ओळींत मराठीत लिहून आपल्याला वाचून दाखवावा. आपल्याला समजला नाही तर पुन्हा लिहावा. मार्गदर्शकापुढे मग तो जड जाणार नाही.

राहिले आपले बी.ए. पत्रात आपण ते एका वाक्यात उरकले, आम्ही उरकू देणार नाही. त्या दोन वर्षांची गुणपत्रके ट्रंकेत असतील तर काढून ठेवावीत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत आहेत. जुन्या वर्षांचे गुण धरतात की पहिल्यापासून बसावे लागते, हे केंद्रावर जाऊन समक्ष विचारावे, आणि तिथे काय सांगितले ते आम्हाला कळवावे. असा प्रश्न आणखी पुष्कळ भगिनींचा आहे. उत्तर आले की या जागी छापू.